कानाला स्क्रू-ड्रायव्हर

४ मार्च, मंगळवार
कंपनी बंद होऊन चार महिने. वागळे इस्टेटला सव्वीस वर्षं मेंटेनन्स फिटर, पण बायोडाटा अर्ध्या पानात संपला. फोन कुठूनच नाही. सकाळी मिक्सर कुरकुरत होता. सवयीने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्याला टेकवलं, मूठ कानाला, नि ऐकलं. खालचं बुश गेलंय. मृणालने गुपचूप व्हिडिओ काढला नि नेटवर टाकलासुद्धा. म्हणे, "बाबा, हाच तुझा बायोडाटा." पोरीचं डोकं फिरलंय.

७ मार्च, शुक्र.
लिफ्टमध्ये दोघांनी ओळखलं. लोक आता मशिनींचे आवाज पाठवतात. टिटवाळ्याहून वॉशिंग मशीन, विठ्ठलवाडीहून पाण्याचा पंप. एका बाईंनी नवऱ्याचं घोरणं पाठवलं, कोणता पार्ट गेलाय म्हणून. लिहिलं, पार्ट ठीक, कुशीवर वळवा. सुनंदा हसून हसून खाली बसली. हे मला बावीस वर्षांपूर्वी का नाही सांगितलंत, म्हणाली. फार दिवसांनी घरात मजा आली. नोकरीचं शून्य.

१२ मार्च, बुध.
माती खाल्ली. चक्कीचं बेअरिंग गेलंय असं कॅमेऱ्यासमोर छातीठोक सांगितलेलं. गिरणीवाल्या शंकररावांनी अर्धा दिवस गिरणी बंद ठेवून सगळं उघडलं. बेअरिंग ठणठणीत. पट्ट्याच्या जाळीचा एक बोल्ट ढिला, बस.
मृणाल म्हणते, व्हिडिओ उडवू, नोकरी शोधतोयस ना. पण कंपनीत फॉल्ट चुकीचा काढला की लॉगबुकात लाल पेनाने लिहायचो, सहीसकट. पुढच्या शिफ्टवाल्याने तेच पुन्हा उघडत बसू नये म्हणून. तसंच केलं. गिरणीत कॅमेऱ्यासमोर उभा राहून बोल्ट दाखवला, चुकलो म्हणालो. शंकरराव मागे पीठ झटकत हसत होते.

१८ मार्च, मंगळ.
वागळेहून फोन! पॅकिंगच्या मशिनी बनवणारी कंपनी, प्लँट हेड कोणी देशमुख मॅडम. "तुम्ही चुकलात तो व्हिडिओ पाहिला. शुक्रवारी याल?" अचूक ठरलेल्या व्हिडिओंबद्दल अवाक्षर नाही. सुनंदाने शर्टाला आत्तापासूनच इस्त्री...

२१ मार्च, शुक्र.
प्रश्न एकही नाही. थेट रुसलेल्या मशिनीपाशी. मॅडम आणि चार फिटर, सगळे माझ्या कानाकडे बघतायत. दोनदा ऐकलं. कळेना. तसंच सांगितलं, उघडून बघावं लागेल. दिली की उघडायला! आत एक स्प्रिंग तुटलेली, ती बिचारी आवाज कुठून करणार. दोन तास कोपरापर्यंत ग्रीस. तो वास आला नि डोळे भरले, चष्मा पुसायचं निमित्त केलं. कळवते म्हणाल्या.
घरी आल्यावर लक्षात आलं, स्क्रू-ड्रायव्हर तिथेच राहिला.

२२ मार्च, शनि.
मॅडमचा मेसेज : "तुमचा स्क्रू-ड्रायव्हर इथे आहे. सोमवारी सकाळी आठला न्यायला या." बाकी काही नाही. मृणाल नाचतेय. नीट वाच म्हटलं, स्क्रू-ड्रायव्हरचंच लिहिलंय. मी मात्र चारदा वाचला.
सुनंदाने एवढंच विचारलं, "सोमवारी डबा भरू का?"
स्क्रू-ड्रायव्हर आणायला डबा कशाला लागतो. भर म्हटलं.