कापूरचं नाक

खारघर,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. सुचिताताईंना वैजयंतीचा साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे प्रत्यक्षात घालणं होत नाही, तेव्हा कागदावरचा गोड मानून घ्या. चिपळूणला थंडी सुरू झाली असेल. इथे अजून पंखे लागतात.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुम्हाला. मी फोनवर बोलायला लागले की हे शेजारी येऊन बसतात, आणि माझं व्हॉट्सअ‍ॅप यांनी स्वतःच्या टॅबलाही जोडून घेतलंय. म्हणून हा खटाटोप. वाचून झालं की फाडून टाका आणि तुमच्या बंधुराजांना यातलं अक्षरही कळू देऊ नका.

आधी तक्रार. फटाक्यांच्या भीतीने आमचा कापूर शेपूट घालून पलंगाखाली बसला, बाहेर येईना, म्हणून तुम्ही दिवाळीत एवढ्या मायेने तेलांची पेटी पाठवलीत. लव्हेंडर, गवती चहा, टी ट्री आणि तो वाफ सोडणारा दिवा. सोबत चिठ्ठी, की फक्त लव्हेंडर वापरा, पाण्यात दोनच थेंब, खिडकी उघडी ठेवा. याहून सोपं काय लिहायचं माणसाने? पण ते वाचणार कोण? तळोज्याच्या सुगंधी रसायनांच्या कारखान्यात ज्यांनी जन्म काढला, झाकण उघडताच माल पास की नापास ते ज्यांनी नुसत्या नाकाने सांगितलं, ते? "ताई मला तेलं शिकवतेय!" असं म्हणून हसले, चिठ्ठी फ्रीजवर चिकटवली आणि दिव्यात बाटली उपडी केली.

ताई, मी लव्हेंडरचे पोहे खाल्ले. लव्हेंडरचा चहा प्यायले. मी खिडकी उघडली की हे बंद करणार, "अगं, अजून चढलाच नाही वास," असं म्हणून वर आणखी ओतणार. समोरच्या गोजराताई, नावड्याच्या मूळच्या, कधी कशाची तक्रार न करणारी बाई. त्या शेवटी दारात आल्या. "वैनी, माज्या घरान पानी पन त्याच वासाचा लागतंय गो. कुत्र्याला झोपवताव का आमाला?" मी काय तोंड दाखवणार?

आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो कापूर गॅलरीच्या गजांतून नाक बाहेर काढून बसलेला. संध्याकाळी वारा फिरला की तळोज्याकडून जो दर्प येतो, तो त्याला घरापेक्षा बरा वाटत होता, यातच काय ते समजा.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसले असते. पण मागच्या आठवड्यात त्याच्या पाठीवर खाज उठली. मी म्हटलं डॉक्टरकडे नेऊ. हे म्हणाले, टी ट्री कशाला आहे मग? पाण्यात नाही, कशात नाही, बाटलीतून थेट पाठीवर. चोळायचे, नाक जवळ न्यायचे, पुन्हा ओतायचे. दुपारपर्यंत कापूरच्या तोंडातून लाळ गळायला लागली, मागचे पाय दारू प्यायल्यासारखे लटपटले आणि तो बाथरूमच्या दारातच बसला. मी ओरडले की रडले, मला आठवत नाही. रिक्षात त्याला मांडीवर घेऊन बसले होते एवढं आठवतं.

डॉक्टर म्हणजे ईश्वरी नावाची लहानशी मुलगी, पण तिने यांना चांगलं फैलावर घेतलं. टी ट्री कुत्र्याला विष आहे म्हणाली, अंगावर तर नाहीच नाही. त्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण, बंद घरात तो दिवा म्हणजे त्याला शिक्षा. साबणाने धुतलं, सलाईन लावलं. आता कापूर बरा आहे, कालपासून जेवतोय, काळजी नसावी. तुमचा दोष नाही, तुम्ही लव्हेंडर लिहिलं होतं. पेटी मी माळ्यावर टाकली आहे.

पण तिथे एक गोष्ट झाली. कापूरला धुताना त्या मुलीने स्वतःच्या नाकाला रुमाल लावला आणि सहज विचारलं, "काका, एवढा उग्र वास तुम्हाला जाणवला नाही?" हे म्हणाले, "आमच्या कंपनीत यापेक्षा उग्र असायचे, बेटा." आणि माझ्याकडे न बघता भिंतीवरचा कुत्र्यांचा तक्ता वाचायला लागले.

आता तुमचा परवाचा फोन. तुम्ही चार बायकांनी मिळून घरगुती साबण आणि कुत्र्यांसाठी तेलं करायची, मिश्रण तुमच्या भावाच्या, बंडूच्या, नाकाने ठरवायचं, बाटलीवर त्याचं नाव टाकायचं. तेव्हापासून हे हवेत आहेत. शर्ट इस्त्री करून ठेवलेत, चिपळूणला यायची बॅग काढलीये. त्यांना बोलावू नका, ताई. त्यांना प्रवास झेपत नाही असं मी लिहिणार होते, पण ते खोटं आहे. रोज टेकडीपर्यंत चालून येतात.

त्यांना वास येत नाही.

लिहून टाकलं एकदाचं. वयाने गेला, कोविडने गेला की नोकरीने, कोण जाणे. मलाही नक्की कळायला फार वेळ लागला. संध्याकाळी तळोज्याचा दर्प आला की सगळी सोसायटी धडाधड खिडक्या लावते, आणि हे गॅलरीत पेपर वाचत बसलेले. पूर्वी तिथूनच सांगायचे, आज कुठल्या शेडचा व्हॉल्व्ह ढिला आहे ते. एकदा दूध करपून भांडं काळं झालं, हे ओट्याशेजारी उभे होते. आणि मला वाटायचं कापूरला लाडावून ठेवलंय. आमटी आधी त्याच्या नाकाशी धरतात, नासलेली भाजी त्याला विचारून टाकतात. सकाळी गॅस पेटवायच्या आधी त्याला हाक मारून स्वयंपाकघरात आणतात. तो शांत बसला तर मगच लायटर. मी यावरून किती भांडले आहे, ताई! ओट्याजवळ कुत्रं नको म्हणून. दवाखान्यातून येताना रिक्षात एकदम उलगडलं मला. कुत्र्याला उगीच नव्हते ते जपत.

मी चिडले आहे. पोह्यांसाठी नाही, कापूरसाठीही नाही. कुत्र्याला सांगितलं आणि मला नाही, याचा राग आहे. पण त्यांचं सगळं आयुष्य त्या नाकावर उभं आहे. तुमच्याकडे चार बायकांसमोर बाटल्या मांडल्या जातील, आणि हे वाकून हुंगतील, आणि काहीतरी ठोकून देतील. ते मला बघवणार नाही. तुम्हालाही नाही.

म्हणून तुम्हीच मागे घ्या. फोन करा आणि म्हणा, "बंडू, कापूरचं ऐकून मी घाबरले, कुत्र्यांची तेलं नकोच, नुसतेच साबण करू, तेही बिनवासाचे." सगळं कापूरवर ढकला, तो काही मनाला लावून घेत नाही. गॅसचा अलार्म मी बसवून घेतला आहे, सोसायटीने सक्ती केली अशी थाप मारून. कानानाकाच्या डॉक्टरकडेही नेईन, पण आधी त्यांच्या तोंडून येऊ दे. मी वाट बघतेय.

काल संध्याकाळी मी वेणी घालत बसले होते. पूर्वी हे दारातूनच सांगायचे, शिकेकाई बदललीस का, माका घातलास का. बरेच महिने एक शब्द नव्हता. काल आले, उभे राहिले आणि कापूरला म्हणाले, "जा, आईकडे जा." कापूर आला, माझ्या केसांत नाक खुपसलं, शेपूट हलवली. यांनी ते नीट बघून घेतलं. मग म्हणाले, "छान आहे गं आजचं तेल."

बाटलीच्या तळाचं खोबरेल होतं, ताई. पार खवट झालेलं. कुत्र्याला आवडणारच.

मी म्हटलं, "हो ना, नवीनच आणलंय."

मी माझी थाप मारली. आता तुम्ही तुमची मारा.

तुमची,
खवट तेल मिरवणारी
वैजयंती