चार बोटं लांब बाही

सूनबाई,

मी बहिणीकडे जाते. माशांना खाणं घातलंय, परत घालू नकोस. तुझे सासरे गेले, निदान त्यांचे मासे तरी जगू देत.

सकाळी तुला नाही नाही ते बोलले. तुझ्या मनात वाईट नव्हतं, एवढं कळतं मला. शाळा चौथीत सुटली, अक्कल नव्हे.

ह्यांना छंद काय कमी होते? घड्याळं खोलायची, माउथऑर्गन वाजवायचा, मासे पाळायचे आणि म्हातारपणी विणकाम! शेजारणी हसायच्या, मीही हसायचे. शेवटचा स्वेटर माझ्यासाठी विणला. रोज संध्याकाळी बाही माझ्या हाताला लावून मापायचे आणि मी वसकन अंगावर जायचे, "सोडा हात, गॅसवर दूध आहे." त्यात एक बाही चार बोटं लांब झाली. घटकाभर स्वस्थ उभी राहिले असते तर काय बिघडलं असतं माझं?

तुला ती चूक दिसली. मला बरं वाटावं म्हणून बाही उसवून नीट विणलीस. वर म्हणालीस, "आई, लोकर तीच आहे." असेल बाई. पण ते टाके त्यांच्या हातचे होते, ते आता कुठून आणू?

तू कामावर गेल्यावर स्वेटर घालून बसले. दहा वेळा माझा हात बाही दुमडायला गेला. दुमडायला काही उरलंच नाही गं.

मला न्यायला माझ्या मुलाला पाठवू नकोस.

सासू