कपाटात काय होतं

४ फेब्रुवारी

हिचं वाचनालयाचं कार्ड परत करायला गेलो आणि स्वतःच सभासद होऊन आलो! ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "परत कशाला करता? तुमच्या नावावर करून देते." नाही म्हणायला तोंड उघडलं, बाहेर आलं "बरं".

मला खरं तर एकच पुस्तक हवंय. हिरव्या कव्हराचं, रहस्यकथेचं — ही शेवटी वाचत होती ते. ते कोणीतरी नेलंय. "येईपर्यंत हे न्या," म्हणून बाईंनी एक भुताचं हातात ठेवलं. वर्तमानपत्राच्या पुढे माझी मजल कधी गेली नाही. बघू.

५ फेब्रुवारी

ते पुस्तक का हवंय ते इथेच लिहितो. कोणाला सांगायची लाज वाटते.

दुपारी दुकानात गर्दी नसली की ही येऊन बसायची आणि वाचलेली कादंबरी मला सांगायची. मी चष्म्याच्या काचा घासत असायचो, ओठांत बारका स्क्रू धरलेला, त्यामुळे मधे बोलायचा प्रश्नच नाही. रोज थोडं. ऐन रंगात आलं की "राहिलेलं उद्या!" म्हणून भाजी आणायला पसार.

शेवटची गोष्ट अशी — एका हॉटेलचा म्हातारा मालक न्हाणीघरात मेलेला सापडतो. दार आतून बंद. आणि त्याची कवळी गायब! दोन पुतणे, दोघेही एकापेक्षा एक नग. आणि एक नर्स, ती मला पहिल्यापासून आवडली. ही नर्स म्हाताऱ्याच्या खोलीतलं कपाट उघडते आणि किंचाळते.

"काय होतं कपाटात?"

"उद्या!"

उद्या सकाळी हिला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथून ती घरी आली नाही.

माणूस गेल्यावर कपाटाची कसली चुटपुट लावून घ्यायची. पण लागलीय.

९ फेब्रुवारी

भुताचं संपलं. भूत दर प्रकरणात दार करकरवतं. बिजागरीला थेंबभर तेल घातलं असतं तर पुस्तक निम्म्यात आटोपलं असतं. आणि घरातली माणसं! तळघरात काहीतरी आहे हे माहीत असून एकेक करून खाली जातात, पंगतीला बोलावल्यासारखी.

शेजारचा औषधवाला भुतांचा भक्त निघाला. म्हणाला, "काका, घाबरलात की नाही, खरं सांगा."

"छे!"

घाबरलो होतो. त्यात जिन्यावर ओली पावलं उमटतात ते पान वाचून आंघोळीला गेलो. बाहेर येऊन बघतो तर फरशीवर ओली पावलं! माझीच. तरी पुसून घेतली.

१४ फेब्रुवारी

आता कौटुंबिक वाचतोय. विटेएवढं जाड. चार भावंडं आणि बापाचं घर. एकही जण कामावर जाताना दिसत नाही — दिवसभर रडायचं आणि टोमणे मारायचे म्हटल्यावर वेळ कुठून मिळणार! धाकटी सून तेवढी फर्मास. सासऱ्याला तोंडावर सांगते, "तुमच्या घराचं नाव काढलं की माझं डोकं उठतं, मला त्यातली वीटसुद्धा नको." अशी एक बाई प्रत्येक घरात हवी.

एक जागा मात्र खरी आहे. तो बाप सगळ्यांवर खेकसतो, पण घरात एकटा असला की भांडी हळूच ठेवतो, आत कोणी झोपलं असावं तशी. तिथे पुस्तक मिटलं. दुकान उघडायची वेळ झाली होती, असं स्वतःला सांगितलं.

लेकीचा फोन. "बाबा, तुम्ही आणि कादंबरी? ताप तर नाही ना?"

"वेळ जातो," म्हटलं. एवढंच. हिचा विषय जवळ आला की आम्ही दोघंही लगेच हवापाण्यावर जातो.

१५ फेब्रुवारी

हिरवं अजून आलं नाही.

२० फेब्रुवारी

एक वेगळी रहस्यकथा संपवली. माझा संशय डॉक्टरवर. छान चाललं होतं — आणि शेवटच्या प्रकरणात खुन्याचा जुळा भाऊ टपकला! ही शुद्ध फसवणूक आहे. पुस्तक परत करताना बाईंना तसं सांगितलंही. त्या हसल्या. "हिरवं मी वाचलंय. त्यातला खुनी सांगू का?"

"नको, नको!" इतक्या जोरात ओरडलो की पेपर वाचत बसलेल्या सगळ्या माना वर झाल्या.

एक गोष्ट लक्षात आलीय. या पुस्तकांतली माणसं हसत नाहीत. ही सांगायची तेव्हा मुडद्याशेजारी उभी असलेली माणसंही विनोद करायची. सांगणाऱ्याची कला म्हणायची.

२६ फेब्रुवारी

आलं! दुपारनंतर दुकान बंद. आता कोणी दार वाजवू नये.

२७ फेब्रुवारी

हॉटेल नाही. म्हातारा नाही. कवळी नाही. बँकेतला एक तरणाताठा माणूस गच्चीवरून पडतो. नर्स औषधालासुद्धा नाही. कपाट एक आहे, त्यात कपडे आहेत.

चुकीचं पुस्तक असणार म्हणून तडक वाचनालयात. बाई म्हणाल्या, "हेच हो. मीच दिलं होतं त्यांना. आणि कोपरे कोणी दुमडलेत बघा, किती वेळा ओरडले असेन मी त्यांना!" कोपरे हिचेच. अगदी शेवटच्या पानापर्यंत.

म्हणजे हिने पुस्तक पुरतं वाचलं होतं. आणि मला सांगितलं भलतंच! स्वतःच्या मनाचं! त्याआधीच्या सगळ्या गोष्टीही तशाच का? तो पोपट पाळणारा दरोडेखोर? ती मिशीवाली आत्या? रस्त्यातच हसू फुटलं. समोरून औषधवाला येत होता, त्याने विचारलं, "काका, लॉटरी लागली का?"

घरी आल्यावर हसू गेलं. कारण ते कपाट आता कुठल्याच वाचनालयात मिळायचं नाही. ते हिच्याबरोबरच गेलं.

२८ फेब्रुवारी

एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा दिला. त्याने लावून बघितला आणि म्हणाला, "वा, झकास दिसतंय!" परत घेताना नाकीनऊ आले.

काही वाचलं नाही.

२ मार्च

लेकीचा फोन. हवापाणी झालं. मग कसं कोण जाणे, बोलून गेलो — तुझी आई मला एक गोष्ट सांगत होती, अर्धीच राहिली, त्यात एका म्हाताऱ्याची कवळी...

 तिकडून रडू की हसू ते कळेना. "बाबा! नर्सने कपाट उघडलं का?"

ही सगळं आधी तिला फोनवर सांगून बघायची. लेकीने नापास केलं की बदलायची, मग मला. "पुस्तकातलं जसंच्या तसं सांगितलं की तुझे बाबा पेंगतात," म्हणायची. कपाटाच्या पुढचंही लेकीला माहीत आहे, बरंच.

"सांगू?"

"नको! फोनवर नको. ये इकडे."

शनिवारी येतेय. खुनी कोण ते मात्र तिलाही ठाऊक नाही. ते आपण दोघं मिळून ठरवू, म्हणाली. मी आधीच सांगून ठेवलंय — नर्सला हात लावायचा नाही.