तिसरी हाक

कराड,
रविवार, दुपार

प्रिय आत्ती,

तू जाऊन तीन महिने झाले आणि पत्र आज लिहितेय! राग मानू नकोस. उद्या सकाळी शाळेच्या बावीस मुली घेऊन मला तुझ्या रानात जायचंय, पाटणच्या वर, त्याच कड्यापर्यंत. मोठ्या बाई म्हणाल्या, "शालिनीबाई तिकडच्याच, त्यांना पायवाटा पाठ आहेत." पाठ आहेत म्हणूनच जायला नको वाटतंय.

मुलींना कड्यावरून कोकण बघायचंय. मीही सुट्टीत तेवढ्यासाठीच तुझ्याकडे यायचे ना? हिरडा वेचायला म्हणून निघायचीस आणि चार फळं पोत्यात पडली की चाललीस कड्याकडे! "त्यो बघ निळा पट्टा. समिंदर हाय त्यो!" मला कधीच दिसला नाही. मी आपली हो म्हणायचे.

रानात शिरताना तुझी तंबी ठरलेली. "हाक आली तर लगी ओ देऊ नगंस. चकवा दोनदाच हाक मारतो. तिसरी आली तरच माणूस."

हे मला कशाला शिकवलंस गं?

त्या वर्षी धरणाचं पाणी चढलं आणि खालच्या रानातली जंगली जनावरं वर सरकली. मी बारा वर्षांची. मला जांभळीखाली बसवून तू घळीकडे गेलीस. थोड्या वेळाने हाक आली, "शालेऽऽ!" मी गप्प. मग दुसरी, "शाले, आगं ये की!" आवाज तुझाच होता, आत्ती. पण चकवाही ओळखीच्याच आवाजात बोलावतो ना? मी बुंध्याला मिठी मारून तिसरीची वाट बघत राहिले. तिसरी आलीच नाही.

वाडीतल्या माणसांना तू घळीत सापडलीस, मांडीचं हाड मोडून पडलेली. मी सगळ्यांना सांगितलं, मला काही ऐकूच आलं नाही. धादांत खोटं! पुढे तू जन्मभर काठी धरून चाललीस, रान कायमचं सुटलं, पण मला एका शब्दाने विचारलं नाहीस. विचारायचं होतंस! दोन शिव्या हासडल्या असत्यास तरी मी सुटले असते. उलट मीच मनात तुला बोल लावायचे, की बाई स्वतःचाच नियम विसरली.

तुझ्या शेवटच्या आठवड्यात पाय चेपताना मी सगळं कबूल केलं. आणि तू चक्क हसलीस!

"ठावं हाय मला. दोन हाका मारल्या, तवर अस्वल म्होरं येऊन हुबं ऱ्हायलं. तिसरी मारली असती तर तू आली असतीस न्हवं? म्हून गप ऱ्हायले."

आत्ती, मला घळीची भीती वाटते, अस्वलाची वाटते, पण सगळ्यांत जास्त माझीच वाटते. उद्या मी पडले आणि समोर ते आलं, तर मला गप्प राहता येईल? की मोडक्या हाडाच्या कळेने मी त्या पोरींना ओरडून बोलावेन?

तरी शब्द देते. निळा पट्टा दिसला नाही, तर या वेळी नाही म्हणेन. मुलींना तुझा नियम सांगेन, तिसऱ्या हाकेशिवाय जागचं हलायचं नाही. आणि तशी वेळ आलीच, तर तोंडात पदर कोंबीन, पण तिसरी हाक मारणार नाही.

तुझी,
दोन हाका ऐकलेली
शाली