हारुओमी जाड झालेला नाही, आत्या

तीर्थस्वरूप तोमिए आत्यास, भाचा कुनिहिरो याचा गुडघे टेकून, कपाळ चटईला लावून नमस्कार.

इथे गोतेंबात फुजीच्या डोक्यावर बर्फ बसलं, दारातले पर्सिमन सोलून दोरीला टांगून झाले, आणि आमच्या हिने कोतात्सूच्या, म्हणजे पांघरूण घातलेल्या बुटक्या मेजाच्या, खाली शेगडी लावल्यापासून मी त्या पांघरुणातून बाहेर आलेलो नाही. तुमच्या शिरोइशीत याहून गारठा असणार. तुझा खोकला कसा आहे? मांजर परत आलं का? लोणच्याची गिऱ्हाइकं अजून तुझ्या धाकात आहेत ना? सगळं क्षेम असेल अशी आशा करतो. आशाच करावी लागते, कारण मोतेगीच्या शर्यतीपासून तू फोन उचलतेस, "दुकान बंद आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस. (भर दुपारी लोणच्याचं दुकान बंद कसं असेल, आत्या? आणि बंद दुकानात गिऱ्हाइकं मागे भाव कशी करत असतात?)

तेव्हा रागावली आहेस हे मला कळलं. नववर्षाच्या जेवणात तू घातलेली अट मी विसरलेलो नाही. या हंगामात अजिंक्यपद आणलंस तर हवी तितकी वर्षं गाडी पळव, नाही तर जानेवारीत एप्रन बांधून बापाच्या दुकानात उभा राहा, असं तू लेकाला सुनावलंस. हारुओमीच्या तोंडात तेव्हा तांदळाच्या चिकट पिठाची भलीमोठी मोची होती. त्याने मान डोलावली ती होकाराची होती की घास उतरत नव्हता म्हणून, यावर आमच्याकडे अजून वाद चालतो. पण डोलावली हे खरं. आणि अजिंक्यपद एका गुणाने गेलं हेही खरं. ते कसं गेलं हे सांगायचं तर एप्रिलपासून सुरुवात करायला हवी. चहा करून घे आणि बस.

एप्रिलमध्ये ओकायामाला माझा संघ, म्हणजे आपण, जिंकलो. लहान गाड्यांच्या गटात का होईना, पहिले आलो. आनंदाच्या भरात मी तिथूनच तुला फोन केला आणि म्हणालो, "आत्या, तुझा लेक पहिला आला, पण आता वजन वाढणार, पुढच्या शर्यतीत त्याला जड जाईल." आता आमच्या खेळाचा नियमच असा, की जो पुढे येतो त्याच्या गाडीत पुढच्या वेळी लोखंडाच्या लाद्या बसवतात, म्हणजे मागच्यांनाही जरा आशा राहते. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं म्हणून मी फोड करून सांगितलं नाही. तू नुसतं "बरं, बघते मी" म्हणालीस. तुझं "बघते मी" म्हणजे काय असतं हे या घरात जन्मलेल्या माणसाला कळायला हवं होतं.

त्यानंतर दर शर्यतीला येणारी तुझी कोवळ्या सोयाबीनच्या पुरणाची मोची बंद झाली. तिच्या जागी खोकी भरभरून कोन्याकू यायला लागलं. कंदाच्या पिठाच्या त्या थुलथुलीत वड्यांना चव नाही, वास नाही, खाल्लं तरी खाल्ल्याचा पुरावा नाही. सोबत पोटाला बांधायचा लोकरीचा पट्टा, आणि 'संध्याकाळनंतर याला काही देऊ नका' अशी चिठ्ठी. हारुओमी मला विचारायचा, "दादा, मी काय केलंय? आई मला उपाशी का मारतेय?" मी म्हटलं, देवाला काही बोलली असेल, खा निमूट. तो निमूट खात राहिला. ऑगस्टपर्यंत त्याच्या गालांच्या खोबण्या झाल्या आणि शर्यतीचा पोशाख हँगरला लावल्यासारखा दिसायला लागला. त्याचा जोडीदार नुमाता (गाडी दोघं मिळून चालवतात, अर्धी शर्यत हा, अर्धी तो) मात्र ते कोन्याकू आवडीने खायचा. नुमाता वयाने थोर आहे, त्याला काहीही आवडतं.

आता ऑगस्टमधली, फुजीच्या पायथ्याच्या मैदानातली शर्यत. इथे आमचा बेत ठरला होता. शहाणा संघ भर उन्हाळ्यात जिंकत नाही, आत्या. तो आठवा-नववा येतो, एखाददुसरा गुण खिशात टाकतो आणि पुढच्या दोन शर्यतींना हलका राहतो. मागे राहण्यातसुद्धा कला असते, आणि नुमाता त्यातला उस्ताद. तो इतक्या अदबीने मागे पडतो की पुढे गेलेल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. त्याने आठव्या क्रमांकावर गाडी हारुओमीच्या हाती दिली. सगळं कसं ठरल्याप्रमाणे.

आणि तेवढ्यात प्रेक्षकांत तुम्ही उभ्या राहिलात. तू आणि तुझ्या बाजारपेठेतल्या सगळ्या बायका, एकसारखे निळे अंगरखे घालून. तुम्ही तो फलक उलगडलात. 'हारुओमी, कमी खा, जोरात पळ. ओगाता लोणची, शिरोइशी.' फुजीचा सरळ रस्ता केवढा लांब आहे हे तुला माहीत आहे. लेकराला दर फेरीला तो फलक लांबूनच दिसायचा आणि जवळ येत जायचा. टीव्हीवरच्या समालोचकाने तर तो मयताला आल्यासारख्या आवाजात वाचून दाखवला. रेडिओवर हारुओमी म्हणाला, "दादा, ते काय लिहिलंय?" मी म्हटलं, "जाहिरात आहे, तू सावकाश चल." तो म्हणाला, "त्यात माझं नाव आहे." आणि मग गाडी अशी सुटली की मला घड्याळाकडे बघवेना. दुसरा आला. तू पंखा हलवून नाचत होतीस आणि मी डोक्याला हात लावून बसलो होतो. ते पाहून तू नुमाताला म्हणालीस, "हा लहानपणापासूनच असा, लग्नात रडायचा आणि बारशात झोपायचा." (बारशात मी स्वतःच तान्हा होतो.)

व्हायचं तेच झालं. सुझुकाला लाद्यांनी भरलेली गाडी चढावर धापा टाकत होती. फुजीला कमावलं ते सुझुकाला आणि सुगोला हातचं गेलं. सुगो तर तुझ्या दारातलं मैदान. तिथे तू थेट आमच्या गॅरेजात शिरलीस ती दुकानातला कोबी तोलायचा काटा घेऊन, आणि सगळ्या संघासमोर पोराला त्यावर उभं केलंस. काटा पाहिलास, पोराला पाहिलंस, परत काटा पाहिलास. मग म्हणालीस, "हा तर वाळलाय. मेल्यांनो, वाढलं ते वजन गेलं कुठे?" आमच्या मेकॅनिकने मान खाली घालून दार उघडलं आणि गाडीतल्या लोखंडी लाद्या दाखवल्या. तू बराच वेळ वाकून बघत राहिलीस. "म्हणजे चांगला निघाला की त्याच्यावर दगड?" असं विचारलंस, मी हो म्हटलं, आणि तू तोच गुंडाळलेला फलक माझ्या पाठीत घातलास. "अरे, माझं उभं आयुष्य मुळ्यांच्या पिंपांवर दगड ठेवण्यात गेलं, आणि हे मलाच समजणार नाही असं तुला वाटलं?" संघातले सगळे वाकून नमस्कार करत राहिले, कारण वर मान केली असती तर हसू दिसलं असतं. त्या दिवशी आपण पार मागे आलो, पण हारुओमीने पोटभर मोची खाल्ली.

मोतेगीला शेवटच्या शर्यतीत सगळ्यांच्याच लाद्या काढतात. कुणाला सबब उरत नाही. आपल्याला जिंकायलाच हवं होतं आणि आपण नाकाएवढ्या अंतराने दुसरे आलो. हारुओमी बराच वेळ गाडीतून उतरला नाही. मी दार उघडून काहीतरी बोलणार होतो, पण त्याने हेल्मेट काढलं नव्हतं, म्हणून मी दार परत लावलं. मला फार वाईट वाटलं, आत्या. इतक्या वर्षांत कधी वाटलं नाही इतकं.

तर आता तूच बघ. फलक नसता तर फुजीला आपण आठवे आलो असतो, तिथे सोडलेल्या गुणांहून चार जास्त सुझुकाला आणि सुगोला मिळाले असते, आणि हवा होता एकच. मी तुला दोष देत नाही. (आमची ही खांद्यावरून वाचतेय. ती म्हणते, देताय की.) माझं म्हणणं इतकंच, की त्याला माझ्याकडे आणखी एक वर्ष राहू दे. एकच. पुढच्या वर्षी फलकावर काय लिहायचं ते मी आधी वाचून बघीन.

कृपा असू द्यावी, खोकल्यावर मध घ्यावा, फोन उचलावा.

तुझा (बहुतेक वेळा) आज्ञाधारक भाचा,
कुनिहिरो

ता. क. नुमाता विचारतो, कोन्याकू बंद का झालं? डॉक्टर त्याच्यावर बेहद्द खूश होते. जमल्यास त्याच्या नावाने चालू ठेव.

दुसरा ता. क. वर मागितलेलं ते एक वर्ष खोडून टाक. मी पाकीट चिकटवणार एवढ्यात नुमाता आला आणि जे बोलायचं नव्हतं ते बोलून गेला. मोठ्या गाड्यांच्या गटातल्या एका संघाने हारुओमीला बोलावलं होतं. अजिंक्यपद नसतानाही बोलावलं, मोतेगीचं त्याचं चालवणं बघून. आणि या दीडशहाण्याने वाकून नमस्कार केला आणि नाही म्हणून आला. त्यांना म्हणाला, आईला शब्द दिलाय. शब्द ही नुसती सबब. ओबोनला पितरांसाठी घरी आला होता तेव्हा त्याने मागच्या अंगणात तुला एकटीला पिंपावरचा दगड उचलताना पाहिलं. तू तो अर्ध्यावर परत खाली ठेवलास, भिंतीला टेकलीस आणि इकडेतिकडे कुणी पाहिलं नाही ना ते बघितलंस. त्याने पाहिलं होतं. नुमाताला सांगताना तो रडला म्हणे.

रविवारी तो तुझ्या दारात येईल. अट म्हणजे अट, असं म्हणेल, हसेलही. विश्वास ठेवू नकोस. त्याला उंबऱ्याबाहेरच उभं कर आणि म्हण, शर्यत हरलेला माणूस मला दुकानात नको, जा, त्या लोकांचे पाय धर. असलं बोलायला तुझ्याइतकं कुणाला जमत नाही. त्या संघाने अजून कुणाला घेतलेलं नाही, मी विचारलंय. म्हणजे तो माझ्याकडूनही जाईल, आणि माझ्या गाडीत पुढच्या वर्षी कोण बसेल ते देव जाणे, पण तो माझा प्रश्न. पिंपांचं म्हणशील तर हिवाळ्यात मला काम नसतं. मंगळवारी ही आणि मी येतोय, वसंतापर्यंत राहू. ही आत्ताच बॅग भरतेय.

फक्त रविवारी कच खाऊ नकोस. त्याची बस वळणापलीकडे गेली की मग दार लावून काय रडायचं ते रड. मी कुणाला सांगणार नाही.