चार बोटांची फट

नाशिकरोड, ४ फेब्रुवारी २०२५

चि. यशूस अनेक आशीर्वाद.

लहानपणी देवळालीला मेल गेली की फळीवरचे तांबे किणकिणायचे, आणि आम्ही भावंडं त्याच ठेक्यावर कविता पाठ करायचो. मास्तर म्हणत, रेल्वेने यांची चाल बिघडवली! तो आवाज परवा पुन्हा भेटला, तोही तू आखलेल्या इमारतीत. रुळांची थरथर वर चढू नये म्हणून तू खांबांखाली रबरी गाद्या घातल्यास, भोवतीच्या मातीपासून चार बोटांची फट सोडलीस. वरचे शेजारी म्हणतात, गाडी गेलेली कळत नाही. आमच्या तळमजल्यावर मात्र स्वयंपाकघराची भिंत घुमते. फोनवर बोललो तर तुझी आजी ऐकेल आणि धसका घेईल, म्हणून हे पत्र.

तुझा,
उपेंद्रआजोबा

पुणे, ७ फेब्रुवारी

ती. आजोबांना शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुमचं मन कवितेत असलं तरी कान जाग्यावर असतात, म्हणून घाबरले. सतरा तारखेला बिल्डर थरथरीची मोजणी करणार आहे. भिंत घुमली तर पुढच्या इमारतीतून गाद्याही जातील आणि मीही, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलंय. एकच भिंत घुमते म्हणजे फटीत काहीतरी अडकलंय. एक दगडसुद्धा पुरतो. थरथरीला तेवढाच पूल लागतो. बॅटरी घेऊन बघा ना. आजीला नमस्कार, तिच्या लाडवांना जास्तच.

तुमची यशू

नाशिकरोड, ११ फेब्रुवारी

चि. यशूस आशीर्वाद.

सापडलं! वास्तुशांतीला गौरांगगुरुजींनी वास्तुपुरुषाची प्रतिमा पुजून दिली, आग्नेय कोपऱ्यात, म्हणजे स्वयंपाकघरात, पुरायला सांगितलं आणि ते गेले. नवी फरशी फोडवेना, म्हणून आजीने दत्तू गवंड्याकडून ती भिंतीबाहेर, तुझ्या फटीत बसवून घेतली. त्याने वरून सिमेंट ठासलं.

काल ती काढायला दत्तूला बोलावलं, तर आजी आडवी आली. म्हणाली, घर घुमलं तरी चालेल, बसवलेला देव उपटू देणार नाही. तुझ्या नोकरीचं सांगितलं तेव्हा रडली, पण हलली नाही. दत्तू हात जोडून परत गेला. कालपासून आमच्या घरात फक्त गाडीच बोलते.

थांब, बेल वाजली.

दारात गुरुजी! न बोलावता! हातात कलश, मागे दत्तू छिन्नी-हातोडा घेऊन. गुरुजी आजीवरच रागावलेत. म्हणताहेत, काकू, घर राखणाऱ्यालाच घराबाहेर ठेवलंत? आजी पदर खोचून गेलीसुद्धा, कुठली फरशी फोडायची ते दाखवायला.

माया आहे तशीच राहू दे.

उपेंद्रआजोबा