पाचव्या वर्गातली दलदल

दि. १२ मे

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र पोचलं, सोबतचं तुझ्या खात्याचं ते गुळगुळीत पुस्तकही. इकडे आम्ही ठीक. दवाखाना जोरात आहे. या आठवड्यात दोन गायी अडल्या होत्या, दोन्ही सुटल्या. बाबांचा खोकला गेला. गुडघा तसाच आहे, पण काठी घ्या म्हटलं की अजून अंगावर येतात.

पुस्तक वाचलं. पहिल्याच पानावर तुझा फोटो. संचालक झालं की मान आपोआप वर जाते, की फोटोवाल्याने सांगितलं होतं? खाली लिहिलंय की तुझ्या कारकिर्दीत देशातलं संरक्षित क्षेत्र कधी नव्हे इतकं वाढलं. कसं वाढलं तेही मागच्या नकाशात सापडलं. आपली दलदल पहिल्या वर्गातून काढून तू पाचव्यात टाकलीस. पहिला वर्ग म्हणजे माणसाने आत पाय ठेवायचा नाही. पाचवा म्हणजे ‘संरक्षित निसर्गदृश्य’: माणसाने राहावं, गाड्या लावाव्यात, बोटी फिरवाव्यात, फक्त लांबून बघताना बरं दिसलं पाहिजे. त्या दृश्यात तू कडेची गावं घेतलीस, हमरस्ता घेतलास, आणि पेट्रोल पंपसुद्धा. नकाशावरचा हिरवा रंग दुप्पट झाला. हुशार आहेस, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय.

परवा गाडीत पेट्रोल भरताना पंपवाल्याला म्हटलं, “तुमचा पंप आता संरक्षित आहे, माहीत आहे ना?”

तो म्हणाला, “कशापासून?”

याचं उत्तर तुझ्या विभागाला सुचलं तर कळव.

दलदलीतल्या बोटफेऱ्यांच्या उद्घाटनाला तुला बैठकीमुळे येता आलं नाही. काही अडलं नाही, तुझा उपसंचालक आला होता. दलदलीच्या कार्यक्रमाला पांढरे बूट घालून. धक्क्यापर्यंत त्याला फळ्या टाकून न्यावं लागलं. “निसर्ग लोकांपर्यंत नेला पाहिजे,” हे त्याने इतक्या वेळा म्हटलं, जणू निसर्ग म्हणजे गॅसची टाकी, घरपोच करायची. टाळ्या पडल्या. हॉटेलवाला सगळ्यांत जोरात वाजवत होता. कुठला हॉटेलवाला, हे तुला सांगायला नको. काठावरच्या त्याच्या हॉटेलच्या परवानगीवर सही तुझीच आहे.

बाबा पहिल्या रांगेत होते. नोकरीतला कोट त्यांनी स्वतः इस्त्री केला होता. ज्या दलदलीची राखण करण्यात जन्म गेला, तिथे आज मुलाच्या खात्याचा कार्यक्रम, म्हणून सकाळपासून तयार होऊन बसले होते. वर्ग बदलल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. “नाव बदललं असेल नुसतं,” म्हणाले. “आपला माणूस बसलाय तिथे. तो काही होऊ देणार नाही.” मी त्यांच्या कोटाची कॉलर सारखी केली. तुझी बाजू घेऊन खोटं बोलणं मला जमलं नसतं.

मग सन्मान म्हणून त्यांना पहिल्या बोटीत बसवलं. मी शेजारी बसले. बाबांना वाटलं, कडेकडेने एक फेरी मारतील आणि आणून सोडतील. बोट सरळ लव्हाळ्यात शिरली. कुठे, ते तुला ठाऊक आहे. क्रौंचांची घरटी जिथे असतात तिथे. महिना कोणता आहे, हेही तुला ठाऊक आहे. लहानपणी या महिन्यात बाबा आपल्याला बांधावर मोठ्याने हसूही देत नसत.

पक्षी एकदम उठले. अंडी तशीच उघडी. मार्गदर्शक मुलगी माइकवर म्हणाली, “लवकर फोटो काढा, असं पुन्हा दिसणार नाही.” तेवढं एक वाक्य त्या दिवशी खरं बोललं गेलं.

“इंजिन बंद कर,” बाबा म्हणाले.

“आजोबा, घाबरू नका, बोट भक्कम आहे,” बोटवाला म्हणाला.

“बंद कर म्हणतो ना!”

माझ्या मागे बसलेल्या बाईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. म्हाताऱ्यांना पाण्याची भीती वाटते, म्हणाली. तुझा उपसंचालक पुढून हसून बघत होता. तेव्हा बाबा उभे राहिले. डुगडुगणाऱ्या बोटीत, त्या गुडघ्यावर. मी कोट धरला नसता तर पडलेच असते. ते कोणावर ओरडले नाहीत. खाली घरट्याकडे बघत एवढंच म्हणाले, “हिला मी नाही म्हणालो होतो.”

कोणाला, ते बोटीत मला एकटीला कळलं. तुलाही कळेल. शेवटच्या आजारपणात आईने एकच मागितलं होतं, एकदा ती घरटी दाखवा. तू त्यांच्याशी भांडला होतास, एका माणसाने काय फरक पडतो म्हणून. बाबा म्हणाले होते, पहिला वर्ग म्हणजे पहिला वर्ग, बायको असली तरी. आई रागावली नाही. तिला ते पटलं होतं असं मला वाटतं. तुला कधीच पटलं नाही. पण तू त्या रागाने हे केलंस म्हणावं तर तेवढंही तुझ्यात नाही. राग असता तर मला समजलं असतं. तू हे एका फोटोसाठी केलंस.

दुसऱ्या दिवशी मी गमबूट चढवून आत गेले. वासरू असो वा पाखरू, काय मेलंय आणि कशाने, हे बघणं माझं काम आहे. पक्षी परतले नव्हते. अंडी कावळ्यांनी फोडली होती. मी बघितलं ते सगळं लिहून काढलं आणि घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “तो बडबड्या अजून वकिली करतो का?”

तुझा वर्गमित्र. करतो. आता कमी बोलतो आणि पोट सुटलंय. मी इतका वेळ गायी, पेट्रोल पंप आणि पांढरे बूट सांगत बसले ते यासाठीच, की पुढचं लिहायला हात होत नव्हता. बाबांनी तुझ्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात अर्ज केला आहे. मी साक्षीदार आहे.

वकिलाने मसुदा वाचून दाखवला, तेव्हा त्याच्या त्या कोंदट खोलीत आम्ही तिघंच होतो. प्रतिवादी म्हणून त्याने ‘संचालक’ एवढंच लिहिलं होतं. हळूच म्हणाला, “काका, कायद्याने पदनाम पुरतं. नाव नको घालायला. घरचा मामला आहे.”

मला वाटलं, बाबा मान हलवतील. मनातून मीही तीच वाट बघत होते, खोटं कशाला सांगू.

“नाव घाल,” बाबा म्हणाले. “पूर्ण घाल. मीच ठेवलंय ते.”

मग सही केली. बाहेर जिन्यावर मात्र बराच वेळ कठडा धरून उभे राहिले, आणि पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात टाकून खाली उतरले.

नोटीस तुझ्या कार्यालयात येईल. शिपायासमोर उघडू नकोस.

तुझी,
ताई